अजितचं डोकं

अजित गेल्याचं मेधाने फोनवर सांगितलं तेव्हा मी इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या रांगेत उभा होतो, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. हातातला ट्रे तसाच ठेवून बाहेर आलो, सायकली लावतात तिथे उभा राहिलो, आणि मनात आलं ते एवढंच, की सुटली माझी बहीण! मग अर्थातच रडू आलं, तेही खोटं नव्हतं. सकाळी कालव्याच्या कडेने फिरायला गेला होता, तिथेच कोसळला. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी पाहिलं. हृदय बंद पडलं म्हणे. त्या हृदयाबद्दल आजवर कधी कुणाची तक्रार नव्हती. आमचं सगळ्यांचं लक्ष त्याच्या डोक्याकडे होतं.

मेधा माझी धाकटी बहीण, अजित तिचा नवरा, आणि त्याच्याही आधी माझा कॉलेजातला मित्र. माणूस गेला की पुरवणीतल्या लेखात तो लगेच देवमाणूस होतो, दिलदार होतो, त्याच्या जाण्याने पोकळी वगैरे निर्माण होते. अजितच्या जाण्याने जी काय पोकळी झाली त्यात माझी बहीण आणि भाची पहिल्यांदा पाय पसरून बसल्या आहेत. तो भारताकडून रग्बी खेळला होता. वोल्फ्सबुर्गच्या मोटारींच्या कारखान्यात सॉफ्टवेअरचं काम करायचा. आणि शेवटची काही वर्षं त्याने घरातल्या दोन बायकांचा जीव नकोसा करून टाकला होता. यातलं काहीही गाळून मला त्याच्याबद्दल लिहिता येणार नाही. ज्यांना गोडगोड वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.

आम्ही पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा रग्बी म्हणजे नेमकं काय, हे निम्म्या कॉलेजला ठाऊक नव्हतं. लष्कराच्या एका मैदानावर निवृत्त सुभेदारसाहेब चार पोरं गोळा करून शिकवायचे, त्यात आम्ही दोघं जाऊन पडलो. मी विंगवर, म्हणजे चेंडू मिळाला की कडेकडेने पळत सुटायचं, चिखलापासून लांब. अजितचं काम समोरून धावत येणाऱ्याला आडवं करायचं. हे करायची एक रीत असते, पहिल्याच दिवशी शिकवतात. खांदा त्याच्या मांडीवर मारायचा, हातांनी पाय आवळायचे आणि आपलं डोकं त्याच्या मागच्या बाजूला ठेवायचं. म्हणजे तो पडताना त्याचा गुडघा, त्याचं वजन आपल्या डोक्यावर येत नाही. अजित डोकं पुढे घालायचा. पहिल्या आठवड्यात सुभेदारसाहेब त्याच्यावर ओरडले, "अरे, मरायचंय का तुला?" पण अजित होता काडी पहिलवान. डोकं मागे ठेवलं की दांडगा गडी त्याला चार पावलं फरफटत न्यायचा. डोकं पुढे घातलं की गडी जागच्या जागी खलास. मग आम्ही सामने जिंकायला लागलो आणि साहेबांचं ओरडणं बंद झालं. पुढे पुढे तर ते नव्या पोरांना अजितकडे बोट दाखवून सांगायचे, जिगर म्हणजे काय ते बघा.

भारताच्या संघात त्याची निवड झाली तेव्हा आमच्या होस्टेलने त्याची खांद्यावरून मिरवणूक काढली होती. परदेशातला पहिला सामना, समोरचे सगळे त्याच्या दुप्पट. आपण दणकून हरलो, पण अजितने त्या दिवशी एकेकाला असं लोळवलं की हरलेल्या संघातला असूनही शेवटी टाळ्या त्याच्यासाठी वाजल्या. मध्ये कधीतरी एकाचा गुडघा लागून तो निपचित पडला. तोंडावर पाणी मारलं, उठून बसला, आणि बाजूच्या गड्याला विचारतो, "आपण कुठल्या बाजूने खेळतोय रे?" झालं! हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली, त्याला गोलाकडे तोंड करून उभा केला आणि खेळ पुढे सुरू झाला. हा किस्सा मी किती वेळा ऐकला असेन, देव जाणे. वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळात दिवाळीच्या फराळाला तो अजितकडून दरवर्षी वदवून घ्यायचे. तो बशी हातात घेऊन उभा राहायचा, डोळे फिरवून दाखवायचा, आणि चिवडा खाताखाता लोकांना ठसका लागायचा.

मेधाशी त्याची ओळख आमच्या घरी झाली. तो सुट्टीच्या दिवशी जेवायला यायचा, आईच्या हातची आमटी ओरपायचा, आणि जेमतेम तोंड उघडायचा. आईचं मत असं झालं की मुलगा शांत आहे. साखरपुडा झाल्यावर एकदा दोघं सिनेमाला गेली, येताना मेधा गमतीत काहीतरी बोलली, आणि हा तिला बसस्टॉपवर एकटी सोडून चालू लागला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी घरी हजर, जणू काही झालंच नाही, आईला विचारतोय आमटी आहे का. मेधाने तेव्हा मला हे हसतहसत सांगितलं होतं... "किती रे नाक वर याचं!" आम्हीही हसलो. पुरुषाचा ताठा म्हणून ते तेव्हा खपून गेलं.

जर्मनीत आधी तो आला, मग वर्षभरात मीही. इथे बहुतेक लोकांना फुटबॉलपलीकडे काही दिसत नाही, पण हॅनोव्हरला रग्बीचे जुने क्लब आहेत, आणि वोल्फ्सबुर्गहून गाडीने तिथे पोचायला काही वेळ लागत नाही. दर शनिवारी स्वारी बॅग उचलून चालू पडायची. चाळिशी आली तेव्हा तो आल्टे हेरेनमध्ये, म्हणजे पोटं सुटलेल्या जुन्या खेळाडूंच्या संघात गेला. ती मंडळी सामन्यापेक्षा नंतरच्या बिअरसाठी जमायची. अजितला ते मान्य नव्हतं. त्यांच्या मैत्रीपूर्ण सामन्यातही हा डोकं पुढे घालून घुसायचा. एकदा मी बघायला गेलो होतो तेव्हा त्यांचा कप्तान, चांगला आजोबा झालेला माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाला, तुमच्या मेहुण्यांना सांगा, इथे वर्ल्ड कप नाहीये. मी अजितला सांगितलं. तो म्हणाला, "तू विंगवर होतास. तुला काय कळणार?"

पुढचं सगळं सुरू झालं तेव्हा सई, त्यांची मुलगी, पाचवीत होती. आधी विसराळूपणा. गाडी कुठे लावली, मीटिंग कुठल्या खोलीत आहे, हातात फोन घेऊन तो कशासाठी घेतला. मग संताप. मेधाने कामावरून यायला उशीर केला तर ती कुणाबरोबर होती याची उलटतपासणी. पोळीत काहीतरी मिसळलंय म्हणून ताट उचलून खिडकीबाहेर. ऑफिसात टीमलीडरच्या अंगावर धावून गेला, तेव्हा त्यांनी आजारपणाच्या रजेवर घरी बसवला तो कायमचाच. मग चोवीस तास घरात. मराठी मंडळातल्या लोकांनी एकदोनदा त्याचं बोलणं ऐकलं आणि बोलवायचं थांबवलं. किस्सा ऐकायला सगळे पुढे होते, किस्स्याचा पुढचा भाग आल्यावर एकाचाही फोन नाही. मेधा दुकानात भेटली की ट्रॉली वळवून दुसऱ्या बाजूला जायचे. त्यांची नावं मी लिहू शकतो, लिहीत नाही. वाचून त्यांचं त्यांना कळेल.

सई बापाच्या वेडापायी त्याच क्लबात मुलींच्या संघात खेळायला लागली होती. बाप खूश होईल एवढंच तिचं गणित. एका सामन्यात समोरून एक धिप्पाड मुलगी आली आणि सईने शिकवल्याप्रमाणे, अगदी नीट, डोकं मागे ठेवून तिला पाडलं. ती मुलगी दोन पावलं पुढे जाऊन पडली, पण पडली. मी टाळ्या वाजवत होतो. अजित दोरी ओलांडून थेट मैदानात गेला आणि सगळ्यांदेखत, मराठीत, ओरडून म्हणाला, "भित्री आहेस तू. माझी नाहीसच!" जर्मन आईबापांना शब्द कळले नाहीत, पण पोरीचं तोंड दिसलं ना. सई एरवी मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते, त्या दिवशी तिने कुठल्याच भाषेत दिलं नाही. बूट काढून तिथेच ठेवले आणि पुन्हा कधी खेळली नाही. त्या दिवशी मी त्याची कॉलर धरली होती. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोण हे त्याला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं की सोंग होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

आणि हाच तर सगळा प्रश्न होता. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघं गेलो होतो. सगळे फोटो, तपासण्या झाल्या, त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. डोक्याला वर्षानुवर्षं मार बसलेल्या खेळाडूंमध्ये एक आजार दिसतो, त्यात माणसाचा स्वभाव पार बदलू शकतो. शंका तीच आहे, पण जिवंत माणसात याचं खात्रीने निदान करता येत नाही. मृत्यूनंतर मेंदू तपासला तरच समजतं. अजित त्या दिवशी शुद्धीत होता, अगदी जुना अजित. हसला आणि मला मराठीत म्हणाला, "म्हणजे मेल्यावर रिझल्ट. आपल्या युनिव्हर्सिटीपेक्षा जरा लेट, बाकी काय!" मग डॉक्टरीणबाईंना म्हणाला, घ्या मेंदू, कुठे करायची सही ते सांगा. परत येताना गाडीत मागच्या सीटवर तो झोपून गेला, आणि मेधा समोर रस्त्याकडे बघत मला म्हणाली, "दादा, मला दुसरं काही नको. बरा होऊ दे, असंही आता मी म्हणत नाही. मला फक्त एवढं कळलं पाहिजे, की हे जे मला आणि सईला बोलतो ते अजित बोलतो की आजार बोलतो. आजार असेल तर मी सगळं गिळीन. पण तो असेल तर... मग मी कशासाठी थांबले रे?"

तर तो गेला, आणि रिझल्ट लागायची वेळ आली. अजितचे थोरले भाऊ अरविंदराव पुण्याला असतात. त्यांना व्हिसा मिळून यायला वेळच नव्हता, म्हणून व्हिडिओ कॉलवर सगळं घर जमलं, मागे बायका पदर डोळ्यांना लावून बसलेल्या. मेंदूचं ऐकलं आणि अरविंदरावांचा आवाज चढला. "अगं, डोकं फोडून देणार तू माझ्या भावाचं? अर्धवट देहाला अग्नी देणार? कवटीत मेंदू नाही, मग त्याच्या आत्म्याने जायचं कुठून?" आमच्याकडे कपालक्रियेचं महत्त्व केवढं, हे मलाही माहीत आहे. अरविंदरावांना ते मनापासून वाटत होतं, आणि त्याबरोबर हेही वाटत होतं की चारचौघांत आपल्या घराण्याच्या डोक्याची चर्चा नको. "हार्ट अटॅक होता ना? मग झालं! त्याला कशाला कापायचं?" तिकडून कुणीतरी म्हणालं, बाई दगडाच्या काळजाची आहे. मेधाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊजी, सही त्याने स्वतः केलीय. आणि तो जिवंत असताना ते डोकं मी सांभाळलंय, तुम्ही नाही." आणि फोन ठेवून दिला.

इथे बेष्टाटर, म्हणजे अंत्यविधीचं सगळं बघणारा माणूस, फार सभ्य होता. आधी मेंदू काढायला त्याने देह संस्थेत नेला, मग परत आणला, टोपी घालून, कपाळापर्यंत चादर. सईने एकदा ती टोपी नीट केली. विद्युतदाहिनीच्या दारापर्यंत आम्ही तिघंच गेलो. पुण्याचे लोक मोबाइलवर बघत होते, तो मोबाइल मी धरून उभा होतो. कपालक्रिया वगैरे काही नाही, बटण दाबलं आणि दार बंद झालं. फुलं द्यायला जुन्या संघाचा तो म्हातारा कप्तान तेवढा आला होता. मंडळातर्फे व्हॉट्सअॅपवर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली.

मग वाट बघणं. आठवडे गेले. मेधा रोज कामावर जायची, घरी यायची, आणि फोन वाजला की हातातलं टाकून धावायची. मी तिला म्हणालो, "इतकं काय आता, माणूस तर गेला." ती म्हणाली, "तुझ्यासाठी गेला. माझ्यासाठी अजून ठरायचाय." शेवटी मेंदू तपासणाऱ्या संस्थेतून बोलावणं आलं. मी गेर्लिंगेनहून गाडी घेऊन आलो, तिला घेऊन गेलो. समोर तरुण डॉक्टरीण होत्या, आधीच्या नव्हेत, ज्यांनी मेंदू तपासला त्या. त्यांनी आधी आमचे आभार मानले, मग म्हणाल्या, तर, आजार आहे. मेधाने माझा हात घट्ट धरला. पण, बाई पुढे म्हणाल्या, अगदी सुरुवातीच्या पायरीचा. काही ठिकाणी, थोडासा. मेधाने विचारलं, "एवढा पुरतो का? एवढ्याने माणूस असा वागेल का?" बाईंनी टाळाटाळ केली नाही, याचं मला कौतुकही वाटतं आणि त्यांचा रागही येतो. म्हणाल्या, वागू शकतो. पण याच्या कितीतरी पट पसरलेला आजार असलेली माणसं मी तपासली आहेत, जी शेवटपर्यंत घरच्यांशी मऊ होती. किती आजाराचं आणि किती माणसाचं, हे आम्हाला सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर दिसत नाही. मला तुम्हाला याहून जास्त द्यायला आवडलं असतं.

म्हणजे चाचणी झाली, मेंदू गेला, सासरची माणसं तुटली, आणि हातात काय आलं? काही नाही. नुसतं "काही प्रमाणात". गाडीत मेधा रडलीसुद्धा नाही. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्याच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा तिने पुण्याला फोन लावला. मी म्हटलं, "आत्ताच कशाला?" ती म्हणाली, "कधीतरी सांगायचंच आहे." आणि अरविंदरावांना म्हणाली, "भाऊजी, आजारच निघाला. सगळा मेंदू पोखरला होता. त्याच्या हातात काही नव्हतं." मग अरविंदराव म्हणाले, आणि फोन स्पीकरवर होता, "मी पहिल्यापासून सांगत होतो! आमच्या घरात असं कुणी नाहीच. बिचारा आजारी होता गं पोरगा... तू जरा समजून घ्यायला हवं होतंस त्याला." मेधा म्हणाली, "हो, भाऊजी." मला गाडी थांबवून तो फोन रस्त्यावर आपटावासा वाटला. तिने तो नीट पर्समध्ये ठेवला.

घरी सई वाट बघत होती. आता ती सतरा वर्षांची आहे, बापाच्याच अंगकाठीची. आईने तिलाही तेच सांगितलं, शब्दाला शब्द तेच. आजार होता, खूप पसरला होता, तुला जे बोलला ते तो नव्हताच. सईने आईच्या डोळ्यांत बघून विचारलं, "ग्लाउब्स्ट दू दास, मामा?" तुझा यावर विश्वास आहे का, आई? मेधा जर्मनमध्येच म्हणाली, "या." हो. सई म्हणाली, "गुट," म्हणजे ठीक, आणि उठून डिशवॉशर रिकामं करायला लागली.

मी टेबलाशी चहा घेत बसलो होतो. पोरगी एकेक चमचा काढत होती. ड्रॉवरमध्ये आधी डाव्या हाताचा तळवा ठेवायची, त्यावर चमचा अलगद टेकवायची, आणि मग खालून हात काढून घ्यायची. ताटली ताटलीवर ठेवताना मध्ये बोटं. कपाटाचं दार लावताना फटीत तळहात, आणि तो शेवटच्या क्षणी बाहेर. तेवढी सगळी भांडी लागली आणि स्वयंपाकघरात एक आवाज नाही. मी म्हटलं, "हे काय गं सई? भांडी लावतेस की चोरतेस?" तिला माझा प्रश्नच कळला नाही. "वास?" म्हणाली, म्हणजे काय? मेधाने ओटा पुसतापुसता सहज सांगितलं, "अरे, भांड्यांचा आवाज झाला की अजित अंगावर यायचा. आम्ही दोघी अशाच लावतो." मी विचारलं, "केव्हापासून?"

"खूप आधीपासून. सई किंडरगार्टनमध्ये जात होती बघ, तेव्हापासून," मेधा म्हणाली, आणि हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. विसराळूपणा सुरू झाला तेव्हा सई पाचवीत होती. तिचं तिने ऐकलं होतं. बऱ्याच वेळाने तिने फडकं पिळून नळावर वाळत टाकलं आणि सईला म्हणाली, "कर गं आवाज. आता चालतं." सईने मान डोलावली. मग तिने पुढचा चमचा उचलला, आणि दुसरा हात ड्रॉवरमध्ये ठेवला.